अजून पाचशे किलोमीटर

९ जानेवारी
किलोमीटर २,१४,३०६

एकतीस वर्षं बस चालवली, रोज लॉगशीट भरली, पण डायरी कधी लिहिली नाही. ही वही लेकीने मागच्या वर्षी पाठवलेली, कोरीच पडून होती. आज बायकोने कपाटातून काढून माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाली, गाडीचं जे काय कराल ते यात लिहा, म्हणजे दिवसभर माझं डोकं खाणार नाही. घ्या, लिहितो.

गाडी काल दारात आली. औषधं विकत गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाची होती. दोन लाख किलोमीटरांच्या वर चाललेली. मी घेतली नसती. घ्यायची कल्पना हिची, शोधलीही हिनेच. मला फक्त खिडकीत उभं करून दाखवली. ऑटोमॅटिक आहे, म्हणजे क्लचचं पेडल नाही, म्हणजे डावा पाय लागत नाही. माझा डावा पाय गेल्या एप्रिलमध्ये साखरेने गुडघ्याखालून नेला. तेव्हापासून दवाखाना आणि परवान्याची तपासणी सोडून मी घराबाहेर पडलेलो नाही. तपासणीलाही हिनेच ढकलत नेलं. खोटं कशाला लिहू, बाहेर पडायची इच्छाच नव्हती. कृत्रिम पाय कोपऱ्यात उभा असायचा आणि मी पलंगावर आडवा.

आज गल्लीच्या टोकापर्यंत चालवली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गिअरचा दांडा ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या जागेवर, आणला की मागून कोणी लाथ घातल्यासारखा धक्का बसतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडखळते, विचार करते, मग जाते. बस असती तर डेपोत उभी करून सरळ घरी गेलो असतो.

ही शेजारी बसली होती. म्हणाली, चांगली आहे की. हिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

१२ जानेवारी

मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने गिअरबॉक्समधली तेलाची पट्टी काढून पांढऱ्या कागदावर पुसली. हे तेल नवं असताना सरबतासारखं लाल असतं. आमचं काळं निघालं, आणि जळका वास. तो म्हणाला, काका, हात लावू नका. आतल्या क्लचच्या चकत्या झिजल्यात, त्यांची भुकटी या तेलात उतरलीय आणि त्या भुकटीच्या जोरावरच क्लच अजून धरून आहेत. नवं गुळगुळीत तेल घाला, उद्या गाडी जागची हलणार नाही. मी विचारलं, आणि नाही बदललं तर? म्हणाला, चालेल तितके दिवस चालेल.

म्हणजे दोन्हीकडून मरण. घरी येऊन जेवलो नाही. हिने ताट झाकून ठेवलं, जेवा म्हणून मागे लागली नाही. एरवी लागते.

१५ जानेवारी

आमच्या डेपोतले जुने मिस्त्री घरी येऊन गेले. निवृत्तीनंतर ते कोणाच्या गाडीला हात लावत नाहीत, माझ्यासाठी आले. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी त्यांना दाखवलं. त्यात छापलंय की या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. मिस्त्रींनी चष्मा वर केला. “कोणाचं आयुष्य, ते काही लिहिलेलं नाही,” म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. आत साडेसात लिटर तेल आहे. खालचा बोल्ट काढला तर त्यातलं तीन-सव्वातीन लिटरच बाहेर येतं, बाकीचं आत अडकून राहतं. मशीन लावून सगळं एकदम धुवून काढायचं नाही. आपोआप येईल तेवढं येऊ द्यायचं, मोजायचं, तेवढंच नवं घालायचं. मग पाचशे किलोमीटर चालवायची. पुन्हा तसंच. पुन्हा पाचशे. मग तिसऱ्यांदा. म्हणजे जुन्या गाडीला नवं तेल हळूहळू अंगवळणी पडतं. वाचेलच असं नाही म्हणाले, पण एका झटक्यात बसणार नाही.

ही चहा घेऊन आली आणि विचारलं, या सगळ्याला किती दिवस लागतील. मी म्हटलं, रोज थोडी थोडी चालवली तर दोन-अडीच महिने. ही बोटांवर काहीतरी मोजत उभी राहिली. “मार्चअखेर,” म्हणाली. मग, याहून लवकर नाही का होणार. मी म्हटलं, तुला कुठे जायचंय?

“मला कुठे जायचंय,” म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मिस्त्रींचा अर्धा चहा त्यातच होता.

१८ जानेवारी
किलोमीटर २,१४,३३१. पहिली खेप.

मिस्त्रींनी लोखंडी चढ पाठवले होते. त्यांवर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. कृत्रिम पाय काढून पायरीवर ठेवला आणि जुन्या गादीवरून पाठीने सरकत गाडीखाली गेलो. आठ महिने मला आंघोळीलाही आधार लागत होता. खाली गेल्यावर काही वेळ नुसता पडून राहिलो. डोळ्यांसमोर लोखंड, डोक्यामागे जमीन. बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

खाली दोन बोल्ट. एक इंजिन तेलाचा, एक गिअरबॉक्सचा. चुकीचा उघडून इंजिन रिकामं करणारे पुष्कळ पाहिलेत. तीनदा खात्री केली. बोल्ट सुटला आणि कोमट काळी धार पातेल्यात पडली. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी लगदा होता, पण लोखंडाचे कण नव्हते. कण असते तर खेळ खलास होता. मी ओरडून हिला सांगितलं. हिने ‘हं’ केलं.

पाना मागितला की द्यायला हिला वेळ लागत होता. डोकं बाहेर काढून पाहिलं तर ही पायरीवर बसलेली, भिंतीला टेकून, डोळे मिटून. म्हटलं, एवढ्यात दमलीस? इथे एका पायाचा माणूस गाडीखाली आहे.

“तुम्ही आडवे आहात,” ही म्हणाली. “मी मघापासून उभी होते.”

तीन लिटर दोनशे मिली निघालं. बाटल्यांत भरून मोजलं. तेवढंच नवं वरून नरसाळ्याने घातलं. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, दांडा सगळ्या जागांवरून फिरवून आणला आणि मग पट्टी पाहिली. पातळी बरोबर. रंग अजून चहासारखाच, पण आधीच्या काळ्यापेक्षा बरा.

हिच्या पायात माझ्या चपला होत्या. तिच्या घट्ट होतात म्हणे. म्हणाली, तुमची डावी वायाच जात होती. मला हसू आलं. पायावरून मी वर्षभरात पहिल्यांदा हसलो.

१९ जानेवारी

अंग ठणकतंय. ही हल्ली खुर्चीत बसून झोपते. म्हणते, तुमच्या घोरण्याने पलंग हलतो. पस्तीस वर्षं हलला नव्हता.

२४ जानेवारी
किलोमीटर २,१४,४१८

पाचशे किलोमीटर कुठे तरी करायचेच, म्हणून हिला घेऊन रोज निघतो. आज कालव्याच्या रस्त्याने गेलो. धक्का थोडा कमी झालाय असं मला वाटतं. मला तसं वाटावंसं वाटतं, असंही असेल.

या गाडीआधी ही आयुष्यात कधी माझ्या शेजारी बसली नव्हती. बसमध्ये आली तरी मागे, बायकांच्या जागेवर. आज बसल्या बसल्या इकडेतिकडे बघायला लागली. विचारलं, काय शोधतेस? “चालकाशी बोलू नये, ती पाटी कुठे आहे?” म्हणाली. मी म्हटलं, काढली. “बरं झालं,” म्हणाली, “मला बरंच बोलायचंय.” आणि पाच मिनिटांत झोपली. तोंड उघडं टाकून झोपते हल्ली.

२ फेब्रुवारी
किलोमीटर २,१४,५९०

हिला बरंच बोलायचं होतं ते असं: पीठ डावीकडच्या डब्यात, मीठ खालच्या. कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक. तुमच्या साखरेच्या गोळ्या सकाळी जेवणाआधीची पांढरी, नंतरची गुलाबी. आपल्या घराची जादा किल्ली वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे. पाण्याची टाकी दर दोन महिन्यांनी धुवायची, कोणाला सांगायचं ते नाव दाराच्या आतल्या बाजूला लिहिलंय. मी म्हटलं, मला कशाला सांगतेस हे सगळं? म्हणाली, किलोमीटर लिहिता तसं हेही लिहा. घरातलं तुम्हाला काय कळतं, इतकी वर्षं बसवर होता.

लिहिलं. वही गाडीची आणि त्यात मिठाचा डबा.

पंचेचाळीस किलोमीटरांत तीनदा गाडी थांबवायला लावली. पंपावर, हॉटेलात, एकदा तर अनोळखी माणसाच्या घरी जाऊन आली. मी म्हटलं, निघताना पाणी कमी पीत जा. “कमीच पिते,” म्हणाली.

८ फेब्रुवारी

ही दर गुरुवारी वरच्या वहिनींबरोबर बाजारात जाते. आज साडेतीन तास गेली होती. आणली काय, तर चार लिंबं. मी म्हटलं, मला सांगितलं असतंस तर गाडीने नेलं असतं, तेवढेच किलोमीटर झाले असते. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या आणि जिना चढून गेल्या. या बाईला माझा राग का आहे कोण जाणे.

११ फेब्रुवारी

मिस्त्री भेटले. सांगत होते, वहिनी त्यांच्या घरी आल्या होत्या, वहिनी म्हणजे आमची ही. चालत. विचारत होती, तिन्ही वेळचं तेल एकदमच बदलता येईल का. मिस्त्रींनी नाही म्हणून सांगितलं.

मला अपमान वाटला. घरी येऊन म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? इतकी काय घाई आहे? अर्धवट घाईने गिअरबॉक्स बसला तर पुन्हा मी या पलंगावर. ही म्हणाली, “नको, नको. तुमच्या पद्धतीनेच करा.” मग जरा वेळाने, “पण नेट लावून करा.”

मिस्त्रींना हिने आणखी एक विचारलं होतं. हे एकटे कुठेही गाडी नेऊ शकतील ना? मिस्त्री म्हणाले, त्यांनी घाटात बस रिव्हर्स घेतलीय, त्यांचं काय विचारता.

१७ फेब्रुवारी
किलोमीटर २,१४,८४०. दुसरी खेप.

हिला बरं वाटत नव्हतं म्हणून बॅटरी धरायला वरच्या वहिनी आल्या. ही खिडकीत बसून बघत होती. तीन लिटर दीडशे मिली निघालं. या वेळी तेल तपकिरी. जळका वास जवळजवळ नाही. चुंबकावर लगदा पहिल्यापेक्षा निम्माच. नवं घातल्यावर पट्टीवर लाल छटा दिसली. वहिनींना म्हटलं, बघा, रंगावरून सगळं कळतं. नुसतं बघायची सवय पाहिजे.

वहिनी म्हणाल्या, “हो ना.” आणि बॅटरी माझ्या डोळ्यांवर धरली. मुद्दाम नसेल.

२० फेब्रुवारी
किलोमीटर २,१४,८९६

आज हिने बरोबर यायचं नाकारलं. एकटे जाऊन या म्हणाली. मी चिडलो. एकट्याने जाऊन काय करू? “जा आणि या,” म्हणाली, “तेवढंच करायचं.” पाय चढवला, काठी घेतली, गेलो.

डेपोपर्यंत गेलो. फाटकाबाहेर उभी केली. आतून बस निघत होत्या, एकानेही मला ओळखलं नाही. सगळे नवे. रडलो. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. पायासाठी नसावं. मग तोंड पुसून परत आलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात गाडी लोण्यासारखी गेली.

घरी आलो तर ही दारातच खुर्ची टाकून बसलेली. माझ्याकडे बघून इतकी हसली की मला संशय आला, हिने काही फोडलं बिडलं की काय. म्हटलं, काय झालं? “काही नाही. आलात ना, एकटे.” संध्याकाळी लेकीला फोन करून हीच बातमी सांगत होती. फोन घेऊन आतल्या खोलीत गेली होती, पण मला ऐकू आलं.

१ मार्च
किलोमीटर २,१५,०७२

हिच्या डोक्यात एक नवीनच. म्हणाली, मोठ्या हॉस्पिटलचा रस्ता करून बघू. तिची कोणी मैत्रीण तिथे भरती होणार आहे, भेटायला जावं लागेल. ऐन गर्दीच्या वेळी न्यायला लावलं. पुलावर गाडी अर्धा तास इंच इंच सरकत होती. अशा वेळी गिअरबॉक्स तापतो, पण तक्रार नाही. हॉस्पिटलच्या आवारात गाडी कुठे लावतात, पांगळ्यांसाठी वेगळी जागा कुठे, तिथून लिफ्ट किती लांब, सगळं मला उतरून बघायला लावलं. स्वतः गाडीतच बसून राहिली. परत आलो तर म्हणाली, किती पावलं झाली? मी मोजली नव्हती. पुन्हा पाठवलं. एकशे चाळीस.

मैत्रीण कोण ते विचारलं. म्हणाली, तुम्ही नाही ओळखत.

६ मार्च
किलोमीटर २,१५,१७०

आज भांडलो. तिसऱ्या खेपेला अजून एकशे सत्तर किलोमीटर बाकी आहेत. दोन दिवसांत होतील. पण गुडघ्याखाली कृत्रिम पाय टेकतो तिथे फोड आलाय, म्हणून मी म्हटलं, आठवडाभर थांबू. ही म्हणाली, गाडी नीट चालते ना आता, मग तिसरं राहू द्या. मी म्हटलं, अर्धवट काम मी केलेलं नाही कधी. “पुरे झालं नाही का?” म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. फोड काही मोठा नाही. तिसऱ्यांदा तेल बदललं की काम संपेल. मग मी काय करायचं? रोज सकाळी ही पदर खोचून शेजारी येऊन बसते, मी गाडी काढतो, पाचशे किलोमीटर बाकी असतात. ते शून्य झाले की पुन्हा पलंग. एक आठवडा जास्त लागला तर कोणाचं काय जातं?

१० मार्च

फोड सुकला. गाडी काढली नाही. ही दिवसभर झोपून होती. तीन उशा लावते. चेहरा सुजल्यासारखा वाटला, पण झोपेनेही होतं तसं. मी कुकर लावला. तीन शिट्ट्या. भात खाली लागला.

१४ मार्च
किलोमीटर २,१५,१९८

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. वही गाडीतच होती.

सकाळी दहाच्या सुमारास ही मोरीतून बाहेर आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. श्वास घेता येईना. ओठ निळसर. मी पाय चढवेपर्यंत वहिनी खाली आल्या होत्या. कोणाला सांगावं लागलं नाही, त्यांच्या हातात हिची पिशवी आधीच भरलेली होती. मी विचारलं, ही कुठली पिशवी? वहिनी म्हणाल्या, भाऊजी, आता चला.

गाडी मी चालवली. ही शेजारी, वहिनी मागे. पुलावर गर्दी. मी हॉर्नवर हात ठेवूनच होतो. एकतीस वर्षांत असा हॉर्न वाजवला नसेल. ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “सावकाश. धक्का नाही देत आता गाडी.” गाडीने खरंच धक्का दिला नाही. कुठे लावायची ते मला माहीत होतं. एकशे चाळीस पावलं ढकलखुर्चीच्या मागून चाललो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात काहीतरी आलं, पण मी ते पुरतं येऊ दिलं नाही.

आत नेलंय. नळ्या लावल्यात.

१५ मार्च

शुद्धीवर आहे. बोलायला मनाई. मी बोललो. गाडीचंच बोललो, दुसरं सुचेना. लेक संध्याकाळपर्यंत पोचेल.

१८ मार्च

परवा दुपारी ही गेली. लेक जवळ होती. मी औषधं आणायला खाली गेलो होतो.

२५ मार्च

माणसं येऊन गेली. लेक राहिली आहे. आज मिस्त्री आले, सरळ गाडीखाली शिरले आणि तिसऱ्या वेळचं तेल बदलून गेले. मी खिडकीतून पाहिलं. जाताना म्हणाले, गाडी अजून लाखभर चालेल. मी मान डोलवली. ते बोलायचं म्हणून बोलले, मी डोलवायची म्हणून डोलवली.

२७ मार्च

हॉस्पिटलातून कागद घ्यायला एकटाच गेलो. फाईल जाड होती. तीन दिवसांच्या आजाराची इतकी जाड कशी, म्हणून उघडली. पहिला कागद ऑक्टोबरचा.

डॉक्टरांना भेटायचं म्हणून दीड तास बसून राहिलो. तरुण आहेत. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी शांतपणे सांगितलं. हिच्या हृदयाची झडप अरुंद होत चालली होती. ऑक्टोबरमध्येच त्यांनी ऑपरेशन सांगितलं होतं, शक्य तितक्या लवकर. ऑपरेशन आणि नंतरचं धरून दीड-दोन महिने हिला कोणाचं काही करता आलं नसतं. ही म्हणाली होती, घरी माणूस पलंगाला खिळलाय, तो आपला आपण हिंडूफिरू लागला की येते. दर गुरुवारी तपासणीला यायची. पायांची सूज उतरायला, वारंवार लघवी व्हायच्या गोळ्या चालू होत्या.

“जानेवारीत आल्या तेव्हा मार्चअखेरची तारीख मागितली,” डॉक्टर म्हणाले. “मी म्हटलं, इतकं थांबू नका. त्या म्हणाल्या, तोपर्यंत त्यांचं गाडीचं काम होईल.”

तारीख ३० मार्च. फाईलमध्ये चिठ्ठी लावलेली आहे.

मी विचारलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले आणि मला पाणी दिलं.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. सूज आहे, खुर्चीतली झोप आहे, चार लिंबं आहेत. प्रत्येक वेळी मी एक ओळ लिहिली आणि खाली तेलाकडे वळलो. सहा मार्चचं पान वाचवत नाही. फाडणार होतो. ठेवलं.

वहिनींकडे गेलो. जिना बसून बसून चढलो. म्हटलं, तुम्ही तरी सांगायचं होतं. वहिनी म्हणाल्या, मी रोज म्हणत होते सांगते म्हणून. ती म्हणायची, त्यांना कळलं तर गाडी सोडून माझ्या उशाशी येऊन बसतील आणि पुन्हा कधी उठणार नाहीत. त्या रडत होत्या. मीही. राग कोणाचा कोणावर आहे ते दोघांनाही कळेना.

२९ मार्च

दोन दिवस हिच्यावर चिडलेलो आहे. एकटाच खोलीत मोठ्याने बोललो. तुला कोणी सांगितलं होतं माझं भलं करायला? लेक धावत आली, बाबा कोणाशी बोलताय? म्हटलं, कोणाशी नाही.

३१ मार्च

लेक उद्या जाणार. तिचं घर इथून दिवसभराच्या अंतरावर. आज दुपारी भांडी आवरून झाल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

“बाबा, मला माहीत होतं,” म्हणाली. “नोव्हेंबरपासून. आईने शपथ घातली होती.”

मी ओरडेन म्हणून ती दाराशी उभी होती, हे माझ्या लक्षात आलं. लहानपणीही काही फुटलं की अशीच उभी राहायची. पुढे म्हणाली, आई दर वेळी सांगायची, बाबा आज एवढे किलोमीटर गेले, आज एकटे गेले. इतकी खूश असायची की मला वाटायचं सगळं ठीक होतंय. मी घाई करायला हवी होती. यायला हवं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं.

तिला बस म्हटलं. बसली. म्हटलं, तू तिकडे होतीस. मी तिच्या शेजारी बसलो होतो, हाताच्या अंतरावर, रोज. तू सांगितलं नाहीस हे खरं. पण मी एकदाही विचारलं नाही. दमलीस का म्हणून हिणवलं, विचारलं नाही. तू हे ओझं नेऊ नकोस. हे माझं आहे.

ती खूप रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. पाठ हाताला लागली, हाडं लागली. ती इतकी बारीक कधी झाली? डोळ्यांखाली काळं होतं आणि ते या पंधरा दिवसांतलं वाटत नव्हतं. ती आल्यापासून मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

रडणं ओसरल्यावर मी विचारलं, तुला काही होतंय का? तुझं काय चाललंय?

“काही नाही बाबा,” ती म्हणाली. “झोप नाही झाली नीट, एवढंच.” आणि उठायला लागली.

मी तिचा हात सोडला नाही. पुन्हा विचारलं.